अंडकोषातल्या सौम्य गाठीची सुई-तपासणी: पेशंट आत आल्यापासून रिपोर्टवर सही होईपर्यंत

गेल्या पावसाळ्यात चाकणच्या कारखान्यात काम करणारा तिशीतला एक तरुण माझ्या लॅबमध्ये आला. चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं: ‘गाठ, एफएनएसी करावी’, म्हणजे बारीक सुईनं पेशी काढून तपासावी. गाठ कुठे, त्याचा पत्ता नाही. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं तेव्हा तो खाली बघत राहिला. माझ्यासमोर बसल्यावर आधी जांघेत जड वाटतं म्हणाला, मग चालताना ओढ लागते म्हणाला. मी पेन खाली ठेवलं तेव्हा कुठे म्हणाला, “मॅडम, गोळीला लागून गाठ आहे. आठ महिने झाले. घरी कुणाला बोललो नाही.” लग्न दीड महिन्यावर आलं होतं.

गाठ हरभऱ्याहून थोडी मोठी, टणक, डाव्या वृषणाच्या खालच्या टोकाशी. सोनोग्राफीत ती वृषणाच्या बाहेर, एपिडिडिमिस या वृषणामागच्या नळीच्या शेपटीत, म्हणजे खालच्या टोकात, दिसली. २३ गेजची सुई, दोनदा टोचणं, चार स्लाइड. निदान अ‍ॅडिनोमॅटॉइड ट्यूमर, म्हणजे सौम्य गाठ. युरोसर्जननं तेवढी गाठ काढली आणि वृषण जागच्या जागी राहिलं.

शिकत असताना मी याच गाठीची दुसरी बाजू पाहिली होती. ग्रॉसिंगच्या (काढलेला अवयव कापून बघण्याच्या) टेबलावर फॉर्मॅलिनच्या बरणीत एक अख्खं वृषण आलं, वर दोरीसारखी स्पर्मॅटिक कॉर्ड. कापलं तर वृषण निरोगी, पिवळसर तपकिरी, चिमट्यानं उचललं की शेवयांसारखे धागे लांबत येणारं. आणि एपिडिडिमिसच्या टोकाला दीड सेंटिमीटरची पांढरी गोल गाठ. तीही अ‍ॅडिनोमॅटॉइडच. पेशंट २६ वर्षांचा होता. ऑपरेशनच्या आधी गाठ नेमकी कशात आहे हे कुणी नीट पाहिलं नव्हतं, सुईचा विचारही झाला नव्हता. ती बरणी माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेली नाही.

नव्यानं लॅब सुरू केलेले पॅथॉलॉजिस्ट, रेसिडेंट, स्लाइड करणारे टेक्निशियन आणि असे पेशंट पहिल्यांदा ज्यांच्याकडे जातात ते फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी हे लिहिते आहे. शब्दांचा गोंधळ आधी मिटवू. अंडकोष म्हणजे पिशवी, वृषण म्हणजे तिच्यातली गोळी, एपिडिडिमिस म्हणजे गोळीच्या मागे चिकटलेली वीर्यनळीची गुंडाळी. पेशंट या तिन्हींना ‘खाली’ म्हणतो. आपल्याला तसं म्हणून चालत नाही.

गाठ वृषणात आहे की वृषणाबाहेर?

सगळी तपासणी या एका प्रश्नावर उभी आहे. वृषणाच्या आतली घट्ट गाठ, विशेषतः १५ ते ४० वयात, बहुतेक वेळा कॅन्सरचीच निघते. मोठ्या माणसात वृषणाबाहेरची गाठ बहुतेक वेळा सौम्य असते. पहिल्या प्रकारात सुई टोचायची नाही. दुसऱ्या प्रकारात सुई फार उपयोगी पडते.

वृषणातल्या गाठीला सुई का नको, हे पेशंटला आणि चिठ्ठी पाठवणाऱ्या डॉक्टरला समजावता आलं पाहिजे. वृषणाचा लसीकाप्रवाह (लिम्फ) थेट पोटात, महाधमनीच्या बाजूच्या ग्रंथींकडे जातो. अंडकोषाच्या कातडीचा जातो जांघेतल्या ग्रंथींकडे. पिशवीतून सुई घातली तर कॅन्सरच्या पेशींना एरवी बंद असलेली दुसरी वाट मोकळी होण्याचा धोका असतो. म्हणून वृषणाच्या कॅन्सरचं ऑपरेशनसुद्धा पिशवी उघडून करत नाहीत, जांघेतून चीर देऊन करतात. अशा पेशंटचं रक्त एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या कॅन्सरच्या खुणांसाठी घ्यायचं आणि त्याच दिवशी त्याला युरोसर्जनकडे पाठवायचं. ‘आलाच आहे तर एक सुई मारून बघू’ हा मोह कितीही झाला तरी आवरायचा.

हातानं तपासताना पेशंटला आधी उभं करा, मग झोपवा. उभा असताना खोकायला सांगा. खोकल्यासरशी गाठ बोटाला धक्का देत असेल, किंवा गाठीच्या वरच्या काठापलीकडे तुमची बोटं पोचत नसतील, तर तो हर्निया असू शकतो आणि आत आतडं असू शकतं. गांडुळांची पिशवी चाचपल्यासारखं लागलं आणि झोपवल्यावर विरलं तर व्हेरिकोसील, म्हणजे फुगलेल्या शिरा. तिथे सुई टोचली तर फक्त रक्त येईल आणि त्रास होईल. मग खोलीतला दिवा घालवून पिशवीच्या मागून टॉर्च लावा. लालसर उजेड आरपार आला तर आत पाणी आहे: हायड्रोसील (वृषणाभोवती साठलेलं पाणी), स्पर्मॅटोसील (शुक्राणू असलेल्या पाण्याची गाठ) किंवा एपिडिडिमिसची सिस्ट. उजेड अडला तर गाठ भरीव.

यानंतर दोन्ही हातांनी आधी चांगल्या बाजूचं वृषण चाचपा. निरोगी वृषण हाताला कसं लागतं हे त्याच माणसाच्या दुसऱ्या बाजूवरून कळतं, आणि हे करायला लोक हमखास विसरतात. मग दुखरी बाजू. अंगठा आणि तर्जनीत वृषण धरा आणि गाठ त्याच्यापासून वेगळी सरकते का बघा. एपिडिडिमिस मागे असतं, डोकं वर आणि शेपटी खाली. अ‍ॅडिनोमॅटॉइडचं आवडतं ठिकाण शेपटी. टीबीसुद्धा बऱ्याचदा शेपटीतूनच सुरू होतो, म्हणून जागेवरून निदान करायला जाऊ नका.

हात कितीही तयार असला तरी हाय-फ्रिक्वेन्सी प्रोबनं केलेल्या सोनोग्राफीशिवाय मी सुई उचलत नाही, आणि रिपोर्टमध्ये ‘वृषणाबाहेर’ हा शब्द स्पष्ट हवा असतो. ‘अंडकोषात १.४ सेंटिमीटरची गाठ’ एवढंच लिहिलेलं असेल तर मी रेडिओलॉजिस्टला फोन करते. दोन मिनिटं जातात. काही अ‍ॅडिनोमॅटॉइड वृषणाच्या आवरणाला इतके चिकटून वाढतात की ते आतच आहेत असं वाटतं. तिथे रेडिओलॉजिस्टलाही खात्री नसेल तर सुई नाही, पेशंट सर्जनकडे.

आणखी एक. अचानक सुरू झालेल्या तीव्र दुखण्यासह पेशंट आला तर त्याला लॅबमध्ये बसवूच नका. वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत रक्तपुरवठा परत मिळावा लागतो, नाहीतर वृषण जातं. त्याला सरळ इमर्जन्सीत पाठवा. लहान आणि वयात येणाऱ्या मुलांच्या बाबतीतही सावध राहा. त्यांच्यात वृषणाबाहेरची भराभर वाढणारी गाठ ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा या स्नायूंच्या कॅन्सरची असू शकते. मोठ्यांसाठीचा ‘बाहेरची म्हणजे सौम्य’ हा अंदाज तिथे लागू पडत नाही.

बोलणं आणि संमती

मी बाई आहे, पेशंट पुरुष, आणि जागा ही. पहिल्या काही वर्षांत मला वाटायचं की भराभर उरकलं तर त्याला कमी लाज वाटेल. प्रत्यक्षात तो अजून आकसतो, पिशवीच्या कातडीखालचा डार्टॉस स्नायू आखडतो, पिशवी गोळा होते आणि गाठ हातातून निसटते. आता मी आधी बसून पाच मिनिटं बोलते. सोबत पुरुष टेक्निशियन असतो, पडदा असतो, दाराला कडी असते, आणि ‘नातेवाईक आत हवेत की बाहेर’ हे पेशंटला एकट्याला विचारलेलं असतं. बरोबर आलेल्या वडिलांसमोर किंवा बायकोसमोर कधीच विचारायचं नाही.

संमतिपत्र मराठीत ठेवा आणि वाचून दाखवा. सुई इंजेक्शनच्या सुईएवढीच आहे, भूल बहुधा लागत नाही, एक-दोन दिवस दुखेल, थोडं निळं पडू शकतं, नमुना अपुरा आला तर पुन्हा टोचावं लागू शकतं. आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपणहून द्या: वृषणाबाहेरच्या गाठीत टोचलेल्या सुईनं पुरुषत्व जात नाही. निम्म्या पेशंटांना हाच प्रश्न विचारायचा असतो आणि तो तोंडातून निघत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल औषधांची नावं घेऊन विचारा. ‘काही औषध चालू आहे का?’ याला ‘नाही’ असंच उत्तर येतं, कारण रोजची गोळी म्हणजे औषध असं कुणाला वाटतच नाही. सदाशिव पेठेतल्या एका काकांना मी असंच मोघम विचारलं होतं. त्यांना हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू होतं. संध्याकाळपर्यंत त्यांची पिशवी वांग्यासारखी जांभळी झाली. बर्फ, आधार देणारी लंगोट आणि आठवडाभराची विश्रांती यांवर निभावलं, पण चूक माझी होती. आता अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन ही नावं मी एकेक करून विचारते आणि गोळ्यांची पाकिटं बघायला मागते. गोळी थांबवायची की नाही हे मात्र हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं, आपण परस्पर सांगायचं नाही.

ट्रे

फार काही लागत नाही. १० मिलिची सिरिंज, २३ गेजची निळ्या हबची सुई आणि गाठ लहान किंवा रक्ताळ असेल तर २५ गेजची केशरी. पोव्हिडोन आयोडिन, गॉझ, नाव घातलेल्या सहा स्वच्छ स्लाइड, फिक्सरची (९५ टक्के अल्कोहोलची) बरणी झाकण उघडून तयार. पू निघाला तर त्यासाठी निर्जंतुक सलाइनची छोटी बाटली, आणि सेल ब्लॉकसाठी (उरलेल्या पेशी मेणात बसवून काप काढण्यासाठी) १० टक्के फॉर्मॅलिनची वेगळी बाटली. या दोन बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत लेबल लावा. टीबीच्या तपासणीचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये गेला की तो कल्चरच्या कामातून गेला.

टोचणं

पेशंट पाठीवर झोपलेला, मांड्यांत थोडं अंतर, पिशवीखाली घडी केलेला टॉवेल. खोली गार असेल तर आधी एसी बंद करा, कारण थंडीनं पिशवी आखडते. डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं गाठ पकडून कातडीपाशी आणा, इतकी की वरची कातडी ताणून चकचकीत दिसेल. वृषण बाकीच्या तीन बोटांनी तळहाताच्या बाजूला सारा. ही पकड जमली की निम्मं काम झालं. नव्या मुलांना मी सुई हातात देण्याआधी ही पकड बारा-पंधरा पेशंटांवर नुसती करायला लावते.

सुई वृषणापासून दूर जाणाऱ्या दिशेनं, तिरपी घाला. गाठीत शिरताना हाताला फरक कळतो. अ‍ॅडिनोमॅटॉइड आणि लायोमायोमा (स्नायूंची सौम्य गाठ) रबरासारखे लागतात, कॅल्सिनोसिसमध्ये (चुना साठलेल्या गाठीत) वाळूत सुई गेल्यासारखी करकर होते, सिस्टमध्ये अचानक पोकळी लागते. आत गेल्यावर दट्ट्या २ ते ३ मिलिपर्यंत ओढा आणि तेवढाच दाब ठेवून सुई मागेपुढे आठ-दहा वेळा, छोट्या अंतरात हलवा. हबमध्ये थेंब दिसला की थांबा. सुई बाहेर काढण्याआधी दट्ट्या सोडा. हे चुकलं की सगळा माल सिरिंजच्या नळीत उडतो आणि स्लाइडवर काहीच येत नाही.

पहिल्या वेळी नुसतं रक्त आलं तर दुसऱ्यांदा सिरिंज लावूच नका. नुसती २५ गेजची सुई बोटांत धरून गाठीत फिरवा, माल आपोआप चढतो आणि रक्त कमी येतं. तीन वेळा टोचून काही मिळालं नाही तर थांबा. चौथ्या टोचण्यानं मिळालेलं चांगलं निदान माझ्या आठवणीत एकही नाही, रक्त साकळलेलं मात्र आहे.

पाणी निघालं तर ते पूर्ण काढा, रंग लिहून ठेवा आणि पाणी काढल्यावर पिशवी पुन्हा चाचपा. हायड्रोसीलच्या पाण्यामागे भरीव गाठ लपलेली असू शकते. पाणी स्वच्छ पिवळं आलं म्हणून निश्चिंत होऊन पेशंटला घरी पाठवणं ही मला माहीत असलेली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. त्यामुळे आधी सोनोग्राफीत ‘पाण्याखालचं वृषण निरोगी’ असं लिहून आलेलं असलंच पाहिजे.

मग गॉझनं घट्ट दाबून धरा, घड्याळ लावून पाच मिनिटं. अंडकोषातले पदर सैल असतात, रक्त आत कितीही पसरू शकतं, आणि वर डाग दिसायला वेळ लागतो. पेशंटला अर्धा तास बाकावर बसवा, घट्ट अंतर्वस्त्र घालायला सांगा, दुचाकीवरून स्वतः जाऊ देऊ नका. पुण्यात हा शेवटचा मुद्दा पटवणं सगळ्यात अवघड!

स्लाइड, आणि पुण्याची हवा

चांगलं टोचून वाईट स्लाइड केल्या तर तपासणी वाया जाते. या गाठींतून माल थोडाच येतो, म्हणून इथे सवडीनं सांगते.

सुई काढून सिरिंजमध्ये हवा भरा, सुई पुन्हा लावा, टोक स्लाइडला टेकवून एक थेंब सोडा. दुसरी स्लाइड वर ठेवून दाब न देता सरकवा. दाब दिला की नाजूक पेशी फुटतात आणि केंद्रकांच्या निळ्या रेघा उरतात. त्यांच्यावर कसलंही निदान करता येत नाही. निम्म्या स्लाइड ओल्या असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा, पॅप किंवा एच-अँड-ई या रंगांसाठी. निम्म्या हवेत वाळवा, गीम्सा किंवा लीशमन या रंगांसाठी. दोन्ही प्रकार हवेतच. ओल्या स्लाइडमध्ये केंद्रकाची घडण दिसते, वाळवलेल्यात सायटोप्लाझम आणि भोवतीचा पदार्थ.

आता हवेचं. एप्रिल-मे मध्ये पुण्याची दुपार इतकी कोरडी असते की ‘ओली’ स्लाइड बरणीत जाण्याआधीच वाळलेली असते. केंद्रकं फुगतात, फिकी पडतात, आणि पॅपमध्ये सौम्य पेशीही भलत्याच मोठ्या दिसू लागतात. म्हणून त्या दिवसांत पंखा बंद, बरणी स्लाइडपासून एका हाताच्या अंतरावर, आणि सरकवणं व बुडवणं एकाच हालचालीत. जुलै-ऑगस्टमध्ये बरोबर उलटं. हवेत ओल, स्लाइड पाच-पाच मिनिटं वाळत नाही, पेशी हळूहळू आकसतात आणि लीशमनमध्ये काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. तेव्हा पंखा सुरू करा किंवा हेअर ड्रायरची गार हवा दुरून द्या. गरम हवा कधीही नको. टेक्निशियन बदलला नाही, स्टेन बदलला नाही, तरी दर पावसाळ्यात स्लाइड खराब का येतात, हे कोडं सुटायला मला दोन वर्षं लागली.

लीशमन करताना स्टेन दोन मिनिटं, मग दुप्पट बफर घालून आठ ते दहा मिनिटं. बफर ६.८ पीएचचंच. नळाच्या पाण्यानं रंग रोज वेगळा येतो.

जमेल तिथे एक वाळलेली स्लाइड तिथल्या तिथे झटपट रंगवून बघा. पेशी पुरेशा आहेत की नाही हे पेशंट टेबलावर असतानाच कळतं आणि शिरूर-दौंडहून आलेल्या माणसाची दुसरी खेप वाचते. सुई आणि सिरिंजमध्ये उरलेला माल आणि धुवण सेल ब्लॉकला ठेवा. सुई कापून पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा गॉझ पिवळ्या पिशवीत.

मायक्रोस्कोपखाली

अ‍ॅडिनोमॅटॉइड ट्यूमर हे एपिडिडिमिसच्या गाठींतलं सगळ्यात नेहमीचं नाव, वृषणाबाहेरच्या ट्यूमरमध्ये साधारण ३० टक्के. वय बहुधा २० ते ५०, आकार बहुतेक वेळा २ सेंटिमीटरच्या आत. हे नाव १९४५ मध्ये गोल्डन आणि अ‍ॅश यांनी दिलं. तोवर या गाठी कुणी लिम्फॅन्जिओमा म्हणून तर कुणी आणखी कशात टाकत होतं. उगम मेसोथेलियल (आतल्या पोकळ्यांच्या अस्तराच्या) पेशींतून आहे हे आता पक्कं आहे, आणि टीआरएएफ-७ या जनुकातले बदलही त्यात सापडले आहेत.

स्लाइडवर माल मध्यम असतो. पेशी सपाट चादरीत, छोट्या दोऱ्यांत आणि ग्रंथीसारख्या गोल जुळण्यांत. केंद्रक गोल, एका कडेला सरकलेलं, त्यातलं क्रोमॅटिन बारीक आणि सगळीकडे सारखं, केंद्रिका (केंद्रकातला ठिपका) लहान. सायटोप्लाझम भरपूर, फिका, आणि त्यात बुडबुडे. काही पेशींत बुडबुडा इतका मोठा की केंद्रक कडेला ढकललं जाऊन पेशी अंगठीसारखी दिसते. भोवती गुलाबी तंतूंचे तुकडे आणि काही उघडी केंद्रकं. मायटोसिस (पेशींचं विभाजन) नाही, नेक्रोसिस (मेलेला भाग) नाही.

नवा पॅथॉलॉजिस्ट याच अंगठीपाशी घाबरतो आणि पोटातून आलेला अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथींचा कॅन्सर) लिहितो. तिथे हाय पॉवरवर जाऊन केंद्रक बघा. कॅन्सरच्या अंगठी-पेशीचं केंद्रक गडद, वेडंवाकडं, चंद्रकोरीसारखं चेपलेलं. अ‍ॅडिनोमॅटॉइडचं नितळ, शेजारच्या पेशीसारखंच. म्युसिकार्माइनचा रंग दिला तर बुडबुड्यात म्युसिन (चिकट स्राव) दिसत नाही. सेल ब्लॉकवर कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१ आणि केराटिन ही प्रथिनं पॉझिटिव्ह आली की शंका उरत नाही. सेल ब्लॉक नसेल तर पेशी, जागा आणि सोनोग्राफी या तिन्ही जुळल्याशिवाय मी नाव लिहीत नाही. पेशी शेजारी-शेजारी असूनही आकारानं एकमेकींशी न जुळणाऱ्या, केंद्रिका ठळक, पाणी वारंवार भरणारं, असं चित्र असेल तर ट्युनिका व्हजायनॅलिसचा (वृषणाभोवतीच्या आवरणाचा) मेसोथेलिओमा हा कॅन्सर डोक्यात आला पाहिजे.

लायपोमा (चरबीची गाठ) हा कॉर्डवरचा नेहमीचा सौम्य ट्यूमर. स्लाइडवर पूर्ण वाढलेल्या चरबीच्या पेशींचे तुकडे दिसतात, पण तशीच चरबी सुईच्या वाटेवर सगळीकडे असते. म्हणून ‘चरबी मिळाली’ आणि ‘लायपोमा आहे’ यांत फरक करा. मोठी, खोल किंवा वाढती चरबीची गाठ असेल तर सुईवर विसंबू नका. लायपोसार्कोमाचा (चरबीच्या कॅन्सरचा) सौम्य दिसणारा प्रकार सुईत लायपोमासारखाच दिसू शकतो. तसं रिपोर्टमध्ये लिहा आणि पूर्ण गाठ काढून हिस्टोपॅथॉलॉजी (गाठीच्या कापांची तपासणी) करायला सांगा.

लायोमायोमा माल देतच नाही. आल्याच तर सिगारसारख्या बोथट टोकाच्या केंद्रकांच्या लांबट पेशी. फायब्रस स्यूडोट्यूमर त्याहून कंजूष. पॅपिलरी सिस्टअ‍ॅडिनोमा क्वचित मिळतो, पण मिळाला आणि तोही दोन्ही बाजूंना असला तर व्हॉन हिपेल-लिंडाउ या आनुवंशिक आजाराचा शोध घ्यायला लिहा. त्याच्या फिक्या पेशी मूत्रपिंडाच्या कॅन्सरसारख्या दिसतात, म्हणून पोटाची सोनोग्राफीही.

आपल्याकडे रोजच्या कामात ट्यूमरपेक्षा ‘ट्यूमरसारख्या’ गाठी जास्त येतात. त्यात पहिला टीबी. एपिथेलिऑइड पेशींचे ग्रॅन्युलोमा (पुंजके), लॅन्गहान्स जायंट पेशी, मागे दाणेदार नेक्रोसिस. झील-नील्सन (टीबीच्या जंतूंसाठीचा रंग) करा आणि सलाइनमधला नमुना सीबीनॅटला (टीबीच्या जनुकीय तपासणीला) पाठवा. झील-नील्सन निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं होत नाही. टीबी ठरला की निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद करणं २०१२ पासून खासगी डॉक्टर आणि लॅबलाही बंधनकारक आहे, आणि औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. हे पेशंटला सांगा. वृषण काढायची तारीख घेऊन आलेला माणूस गोळ्यांवर बरा होताना मी पाहिला आहे.

नसबंदीनंतर येणाऱ्या स्पर्म ग्रॅन्युलोमामध्येही ग्रॅन्युलोमाच दिसतात, पण फेसाळ हिस्टिओसाइटच्या पोटात शुक्राणूंची डोकी सापडतात. म्हणून नसबंदीबद्दल न चुकता विचारा. स्पर्मॅटोसीलचं पाणी दुधाळ, त्यात शुक्राणू. कातडीतल्या गाठीत केंद्रक नसलेल्या शल्कपेशींचा ढीग म्हणजे एपिडर्मल सिस्ट. आणि विदर्भातून पुण्यात कामाला आलेल्या माणसाच्या गाठीत किंवा हायड्रोसीलच्या पाण्यात इओसिनोफिल दिसले की लो पॉवरवर पूर्ण स्लाइड फिरवा. आवरण असलेली, शेपटीच्या टोकाला केंद्रकं नसलेली मायक्रोफायलेरिया (जंताची पिल्लं) सापडली तर तो हत्तीरोगाचा वुचेरेरिया जंत. रक्ताची स्लाइड रात्री दहा ते दोनच्या दरम्यान घ्यायला सांगा.

शेवटचा सापळा म्हणजे निरोगी पेशी. सुई चुकून वृषणात गेली तर सर्टोली पेशींची गोल, एक ठळक केंद्रिका असलेली उघडी केंद्रकं आणि शुक्राणू तयार होण्याच्या सगळ्या पायऱ्या एकत्र दिसतात. अननुभवी डोळ्याला तो सेमिनोमा (वृषणाचा कॅन्सर) वाटू शकतो. सेमिनोमात मागे वाघाच्या पट्ट्यांसारखा फेस आणि मध्ये लिम्फोसाइट असतात, आणि पिकत जाणारी रांग नसते. एपिडिडिमिसच्या निरोगी नळीतही कधी कधी राक्षसी गडद केंद्रकं भेटतात. शेजारी केसाळ कडेच्या उभट पेशी आणि तपकिरी रंगद्रव्याचे कण दिसले तर घाबरू नका.

रिपोर्ट

पहिली ओळ: सुई कुठल्या बाजूच्या, कशाच्या गाठीत, किती वेळा घातली आणि काय निघालं. दुसरी: नमुना पुरेसा की अपुरा. अपुऱ्याला अपुरा म्हणा. ‘कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत’ असं लिहिलंत की पेशंट त्याचा अर्थ ‘कॅन्सर नाही’ असा घेतो आणि दोन वर्षं परत येत नाही.

मग वर्णन, आणि नंतर मत. खात्री असेल तर नाव: ‘अ‍ॅडिनोमॅटॉइड ट्यूमरशी जुळणारं चित्र, सौम्य’. खात्री कमी असेल तर ‘सौम्य मेसोथेलियल किंवा स्पिंडल पेशींची गाठ, पूर्ण काढून हिस्टोपॅथॉलॉजी करावी’. गाठीची जागा सोनोग्राफीत वृषणाबाहेर आहे, हे वाक्य मतात पुन्हा लिहा, कारण सर्जन अनेकदा तेवढंच वाचतो. सौम्य रिपोर्ट दिल्यावर मी सर्जनला स्वतः फोन करते आणि सांगते की माझ्या मते वृषण वाचवण्यासारखं आहे, ऑपरेशनच्या वेळी फ्रोझन सेक्शनची (गाठ गोठवून तिथल्या तिथे तपासण्याची) सोय ठेवा. निर्णय त्यांचा. पण कागदावरची ओळ आणि कानावर पडलेली ओळ यांत फरक पडतो, हे मी पुष्कळदा अनुभवलं आहे.

पेशंटला रिपोर्ट पाकिटात घालून काउंटरवरून देऊ नका. आत बोलवा, मराठीत सांगा, कागदावर वृषण आणि गाठ यांचं चित्र काढून दाखवा. चाकणच्या त्या मुलाला मी लेटरहेडच्या मागे पेननं दोन गोल काढून दाखवले होते, मोठा वृषणाचा, छोटा गाठीचा, मध्ये एक रेघ. त्यानं तो कागद घडी करून पाकिटात ठेवला. तीन आठवड्यांनी हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट घेऊन आला तेव्हा तो कागद त्याच्याकडे होता. मी माझ्या चार स्लाइड कपाटातून काढल्या आणि त्याची हिस्टोची स्लाइड दुसऱ्या मायक्रोस्कोपवर लावली. तेच बुडबुडे, तीच नितळ केंद्रकं. वहीत त्याच्या नोंदीपुढे ‘जुळलं’ असं लिहिलं.